बाराव्या डुलक्याची घंटा

१

नोंदवहीतलं बाराव्या डुलक्याचं पान कुणीतरी कापून नेलं होतं. टराटरा फाडलं नव्हतं. पट्टी धरून, धारदार पात्याने, शिवणीपासून केसभर अंतर सोडून, सरळ रेघेत कापलं होतं. ते बघून ठसकाचं डोकं दुप्पट फिरलं. चोरी करायची ती करायची, आणि वर टापटीप!

ठसका हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. ही बोलायला लागली की समोरच्याला ठसका लागतो, म्हणून मामाने ठेवलेलं. वय पंधरा, इयत्ता दहावी. छंद असा की वर्गातल्या मुली आधी फिदीफिदी हसायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "म्हणजे नक्की करतेस काय?"

ती जुन्या रेल्वे-फाटकांवरचे सिग्नल नोंदवायची. जिथे आडवा दांडा नसतो तिथे रस्त्याकडेला एक खांब असतो. गाडी येऊ लागली की खांबावरची लाल तबकडी डावीउजवीकडे डुलते, हट्टी म्हातारा 'नाही, नाही' म्हणतो तशी, आणि वरची घंटा ठणाणा वाजते. अशा सिग्नलांना त्यांच्या मंडळात 'डुलके' म्हणत. मंडळ कसलं, तीन टाळकी: निवृत्त ड्रॉइंग सर, स्टुडिओवाले फोटोकाका आणि ठसका. आसपासच्या रुळांवर बारा डुलके उरले होते. पुढच्या महिन्यात ते काढून नवे इलेक्ट्रॉनिक खांब बसणार होते. त्याआधी प्रत्येकाची उंची, तबकडीचा व्यास, मिनिटाला पडणारे टोल, सगळं वहीत उतरवायचं चाललं होतं. नियम एकच, सरांनी घालून दिलेला: बघायचं, मोजायचं, पण एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. चालू सिग्नल आहे, खेळणं नव्हे.

रुळांजवळ उभं राहायला परवानगी लागते, म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर रेल्वेच्या साहेबांची सही आणि शिक्का असायचा. आणि म्हणूनच ते बारावं पान सोन्याच्या मोलाचं होतं.

गेल्या गुरुवारी, दाट धुक्यात, बाराव्या फाटकावर शिवणकाकूंच्या स्कूटरला रेल्वेच्या इंजिनाने उडवलं होतं. शिवणकाकू म्हणजे गल्लीतल्या सगळ्यांचे कपडे शिवणाऱ्या. धुक्यात तबकडी दिसत नाही, म्हणून त्या नेहमीसारख्या थांबल्या, कान दिला, घंटा ऐकू आली नाही, निघाल्या. पाय दोन ठिकाणी मोडला. रेल्वेने खांबावर चढून पाहिलं, तर घंटेला वीतभर तडा! आणि त्या घंटेची देखभाल कुणाकडे? ठसकाच्या मामाकडे. मामाने तर दर सोमवारी रजिस्टरात लिहिलं होतं, 'घंटा ठीक.'

मामा निलंबित झाला होता. शुक्रवारी चौकशी होती आणि आज बुधवार. घंटा दोन महिन्यांपूर्वी ठणठणीत होती याचा एकुलता एक शिक्क्याचा पुरावा वाचनालयाच्या मागच्या खोलीतल्या कपाटात होता. म्हणजे काल-परवापर्यंत असणार.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या तीन. एक तिच्या स्वतःच्या दप्तरात.

२

"चल," ती मामाला म्हणाली. "मला ती घंटा डोळ्यांनी बघायचीय."

"मला तिथे जायला बंदी आहे."

"रस्त्यावर उभं राहायला कुणाच्या बापाची बंदी नाही!"

मामा गेली सव्वीस वर्षं रुळांवर होता. हात तेलाने काळे, बोलणं कमी. फाटकावर पोचल्यावर त्याने सवयीने खांबाला पंजा टेकवला, डॉक्टर नाडी बघतात तसा. तेवढ्यात मालगाडी आली. तबकडी डुलायला लागली आणि घंटा वाजली.

वाजली म्हणजे काय! फुटक्या पातेल्यावर कुणी चमचा आपटावा तशी. दोन महिन्यांपूर्वी इथेच उभं राहून ठसकाने टोल मोजले होते, तेव्हा तो आवाज दातांत घुमला होता.

"बघितलंस?" मामा म्हणाला. "थरथर आहे. यंत्र चालतंय. मी काय खोटं लिहिलं?"

ठसका दप्तरातली मोजकाठी काढत होती. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची ही काठी फोटोत सिग्नलशेजारी धरायची असते. रस्त्यावरूनच तिने ती उंच धरली, एक डोळा मिटला, पट्ट्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. घंटेचे चारही बोल्ट नीट काळ्या रंगाने रंगवलेले होते, एक ओघळ नाही. पण घंटेचा व्यास तेव्हापेक्षा पट्टीभर कमी भरत होता.

"मामा," ती म्हणाली. मामा मालगाडीकडे बघत होता. "मामा!" तिने त्याची बाही ओढली. "घंटा तडकली नाही रे. घंटाच बदललीय. ही आपली नाहीच!"

३

घंटा गेली की माणूस आधी भंगारवाल्याकडे बघतो. ठसकाही तिकडेच गेली, आणि फाटकातूनच तोफ डागली, "शेठ, रेल्वेची घंटा कितीला घेतलीत?"

शेठ दोरीला बांधलेलं लोहचुंबक एका नळावर फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी चहा, की थेट फाशी?"

"मी चेष्टा करत नाहीये! माझ्या मामाची नोकरी चाललीय."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. चुंबक खाली ठेवलं. "त्या जागी आता काय आहे?"

"दुसरी घंटा. लहान. बोल्टसुद्धा रंगवलेत नीट."

"मग माझ्याकडे कशाला आलीस? भंगारचोर घंटा काढतो आणि पळत सुटतो. दुसरी बसवून, वर बोल्टला रंग देत बसायला तो काय जावई आहे रेल्वेचा? ज्याने हे केलं त्याला घंटा विकायची नाही, पोरी. त्याला ती हवीय."

ठसकाचा राग क्षणभर जागच्या जागी थबकला. हवीय! मग भंगाराचा काय संबंध? तिने सायकल वळवली ती थेट फोटोकाकांच्या स्टुडिओकडे.

फोटोकाका एका गृहस्थाचा पासपोर्टचा फोटो काढत होते. "हनुवटी खाली. अजून खाली. अहो, जमिनीत नाही!"

"काका, बाराव्या डुलक्याचे फोटो द्या. आत्ता."

काकांचा चेहरा पडला. "नाहीयेत ते."

"नाहीयेत म्हणजे?"

"कार्ड खराब झालं. तेवढेच गेले."

"तेवढेच! वा! अकरा राहिले आणि नेमका बारावा उडाला. आणि कपाटाची किल्ली?"

"आहे ना माझ्याकडे. म्हणजे काय, तू माझ्यावर..." काका लालबुंद झाले. "हे बघ, मी एकदा, एकदाच म्हणालो होतो की एका संग्राहकाला डुलक्याची लाल काच हवीय, नाहीतरी सगळं वितळवणारच आहेत. सर असे अंगावर आले की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. घंटाबिंटा मला माहीत नाही!"

खुर्चीतल्या गृहस्थाने हनुवटी वर करून विचारलं, "माझा फोटो झाला का?"

"नाही!" दोघं एकदमच ओरडले.

बाहेर पडताना ठसकाची खात्री पटली होती. किल्ली आहे, हाव आहे, फोटो 'गेलेत'. आणि हा माणूस दर रविवारी आपल्यासोबत डब्यातली पोळी वाटून खात होता! तिच्या कानशिलांतून नुसत्या वाफा निघत होत्या.

४

"बस आधी," सर म्हणाले. "पाणी पी. रागाने रेघ वाकडी येते."

सरांच्या टेबलावर प्रदर्शनाचा मोठा तक्ता पसरलेला होता. बारा ओळी, नऊ रकाने, काळ्या शाईत, छापल्यासारखं अक्षर. सोमवारी वाचनालयात डुलक्यांचं प्रदर्शन भरणार होतं. सरांची सहा वर्षांची मेहनत. ठसका आठवीत असताना त्यांनीच तिला पहिल्यांदा मोजकाठी हातात दिली होती. तोवर ती वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी होती. हे आज कुणाला सांगितलं तर खरंही वाटणार नाही.

तिने सगळं सांगितलं. कापलेलं पान, बदललेली घंटा, फोटोकाका.

सरांनी लेखणी पुसली. "मी कुणाचं नाव घेणार नाही. पण त्या संग्राहकाची गोष्ट खरी आहे." मग हळू आवाजात, "तुझ्या मामाचं फार वाईट वाटतं गं मला."

"सर, पान नाही तर नाही. बाराव्या डुलक्याची मापं तुमच्या तक्त्यात आहेत ना? मी चौकशीच्या अर्जात लिहिते. तुमची सही घेते खाली."

"शिक्का नाही, मुली. साहेब म्हणतील, आकडे कुणीही लिहील."

"म्हणू देत! मला तरी हातावर हात ठेवून बसवत नाही. सांगा तुम्ही."

सर तक्त्यावर वाकले. बोट बाराव्या ओळीवर ठेवून, वर्गात शुद्धलेखन घालावं तशा संथ आवाजात, एकेक रकाना वाचत गेले. "खांबाची उंची चार मीटर दहा. तबकडीचा व्यास पन्नास सेंटिमीटर. दिव्याची काच लाल, गुळगुळीत. टोल मिनिटाला सत्त्याऐंशी. घंटेचा व्यास तीस. वजन चौदा किलो तीनशे. रंग काळा. साल, रेघ. स्थिती उत्तम."

ठसकाने भराभर उतरवून घेतलं. जाता जाता तिने तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. किती देखणा होता!

"एकही रकाना रिकामा ठेवला नाहीत, सर."

"माहीत नसेल तिथे आडवी रेघ मारावी," सर म्हणाले. "माहीत असेल तिथे लिहावं. रिकामा रकाना म्हणजे दात पडलेलं तोंड."

५

घरी मामा स्वयंपाकघरात पाठमोरा बसून बटाटे सोलत होता. गॅसवर कुकर होता. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. तिसरीला ठसकाने दप्तर टाकून धावत गॅस बंद केला.

"अरे, मामा! करपला असता ना भात!"

मामा दचकला. तिला बघून दचकला. कुकरमुळे नाही.

ठसका जागीच उभी राहिली. खांबाला टेकवलेला पंजा. दोनदा मारलेली हाक. आणि ती फुटक्या पातेल्यासारखी घंटा, डोक्यावर वाजत असताना 'थरथर आहे' म्हणणारा मामा. ती दोन पावलं मागे गेली, त्याच्या पाठीशी, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मामा, तुझ्या खांद्यावर पाल आहे."

मामा बटाटा सोलत राहिला.

ती समोर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते रडण्याचं नव्हतं. "कधीपासून?"

त्याने सुरी खाली ठेवली. नाकारलं नाही, तेवढी लाज होती. "वर्ष झालं. हळूहळू गेलं."

"आणि तू घंटा तपासत होतास? हाताने?"

"सव्वीस वर्षं हाताला कळतंय मला यंत्र! सांगितलं असतं तर उचलून गोदामात टाकलं असतं."

"काकूंचा पाय मोडला, मामा!"

हे त्याला नीट ऐकू गेलं.

ठसका ताडताड आपल्या टेबलापाशी गेली. राग आला की ती लिहीत बसायची. अर्जाची पक्की प्रत करायला तिने स्वतःची कच्ची वही उघडली. तिच्यात बाकी अकरा डुलके होते, तिच्याच अक्षरात; बारावा थेट मोठ्या नोंदवहीतच उतरवला होता. पहिला: उंची, व्यास, टोल... वजन, आडवी रेघ. दुसरा: आडवी रेघ. तिसरा, चौथा, पाचवा: रेघ, रेघ, रेघ.

पेन थांबलं.

चौदा किलो तीनशे.

तिला एकदम गार वाटलं, ताप उतरताना वाटतं तसं. घंटा खांबावर असते, चार बोल्टांनी आवळलेली. तिचा व्यास काठीने मोजता येतो. टोल कानाने मोजता येतात. पण वजन?

६

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती वाचनालयात गेली. सर शिडीवर उभे राहून तक्ता भिंतीला लावत होते.

"सर, एक शंका आहे."

"विचार."

"पहिल्या ओळीत वजनाच्या रकान्यात रेघ का आहे?"

"घंटा खांबावरून काढल्याशिवाय तोलणार कशी?"

"आणि दुसऱ्या ओळीत?"

"तेच कारण. हे तुला..." सरांचा हात तक्त्यावर थांबला. बोटाखाली बारावी ओळ होती.

"बारावी कशी तोललीत, सर?"

सर शिडीवरून एकेक पायरी उतरले. खोटं बोलले असते तर ठसकाला बरं वाटलं असतं. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांचा चेहरा अगदी उजळला.

"तू पाहिलीच नाहीस ती आतून. काय ओतकाम आहे! असली घंटा पुन्हा बनायची नाही. आणि पुढच्या महिन्यात ते लोक ती भट्टीत टाकणार होते. मी वाचवली तिला."

"आणि तिच्या जागी?"

"शाळेच्या अडगळीतली होती एक. वाजत होती. टोला जड पडला, पातळ होती, तडकली. मला काय माहीत तडकेल म्हणून!"

"एक स्क्रूसुद्धा हलवायचा नाही. चालू सिग्नल आहे, खेळणं नव्हे. हे कोण म्हणायचं?" तिचा आवाज चढत गेला. "मी तुमच्यामुळे फोटोकाकांना चोर म्हणाले! ते फोटो तुम्हीच पुसलेत ना?"

"मागून घेतलं होतं कार्ड एका दिवसासाठी. तू त्याच्यावर संशय घेशील असं वाटलं नव्हतं."

"आणि पान?"

"त्यावर शिक्का होता."

"तरी वजन लिहिलंत! काल मला वाचूनसुद्धा दाखवलंत!"

सर तक्त्याकडे बघत राहिले. "माहीत असलेलं लिहायचं नाही म्हणजे काय," ते पुटपुटले, आणि ठसकाला कळलं की हे त्यांना खरोखरच जमलं नसतं. शिक्क्याचं पान त्यांनी कापलं, पण आपला स्वतःचा तक्ता खोटा करणं त्यांच्या हातून झालं नाही. एका बाईचा पाय गेलेला चालतो, मामाची नोकरी गेलेली चालते, पण रकान्यात खोटी रेघ चालत नाही!

"उद्या चौकशीत तुम्ही हे सांगाल," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. चष्म्याशिवायचे त्यांचे डोळे अनोळखी होते. "घंटा दोन आठवडे बदललेली होती. त्यात दोन सोमवार आले. साहेब पहिला प्रश्न काय विचारतील? रोजची घंटा गेली, पातेलं आलं, आणि देखभाल करणाऱ्याला कळलं कसं नाही?"

ठसकाने शिडीची पायरी धरली.

"तो खांबाला हात लावून तपासतो," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मी पाहिलंय. त्याला कळणार नाही हे मला माहीत होतं. तुझ्या मामाचं गुपित मी राखतो. तू माझं राख. तडा वयोमानाने गेला म्हणू, मी तसं लिहून देतो. दंडावर सुटेल तो."

म्हणजे हे असं होतं. बहिरा माणूस हेरून त्याच्या डोक्यावरची घंटा काढली होती. ठसकाला खूप काही बोलायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा तिलाच ठसका लागला.

तिने शिडी चढून तक्ता काढला, गुंडाळला आणि काखेत मारला.

"ठेव तो!" सर ओरडले. आता कुठे ओरडले.

"वाकडा लावला होतात," ती म्हणाली आणि निघाली.

७

संध्याकाळी तिने मामाला सगळं सांगितलं. समोर बसून, सावकाश, ओठ दिसतील असं. सरांचा सौदासुद्धा सांगितला. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली, आणि असं म्हणावं लागलं याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. मामा उठून मोरीत गेला आणि बराच वेळ हात धूत राहिला.

शुक्रवारी चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. टेबलापलीकडे दोन साहेब, एका बाजूला साक्षीला आलेले सर, आणि खिडकीपाशी शिवणकाकू, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. मोठ्या साहेबांनी कागद उचलला.

"घंटा तडकलेली. रजिस्टरात मात्र 'ठीक'. काही म्हणायचं आहे?"

मामा उभा राहिला.

"साहेब, जरा माझ्याकडे तोंड करून बोला," मामा म्हणाला. "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मी लपवलं."

सरांनी मान खाली घातली. आता त्यांच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं.

बाकीचं ठसकाने सांगितलं. तक्ता टेबलावर उलगडला, अकरा रेघा दाखवल्या आणि बारावा आकडा. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "ही घंटा तोलली कुणी?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्या खोलीने सरांकडे पाहिलं. दुपारी दोन माणसं सरांच्या घरी गेली. घंटा टेबलाखाली मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. कचेरीच्या वजनकाट्यावर तिने चौदा किलो तीनशे दाखवले, ग्रॅमचा फरक नाही. सरांना पुढच्या चौकशीसाठी आतल्या खोलीत नेलं. जाताना ते ठसकाला म्हणाले, "आकडा बरोबर होता ना?" तिला भीती वाटली की तोंड उघडलं तर आपण 'हो, सर' म्हणू.

मामाची नोकरी राहिली, रुळांवरची नाही. लपवल्याबद्दल वेगळी कारवाई होणार होती. तडा त्याच्या माथी नव्हता. दोन आठवडे न ऐकलेली घंटा मात्र होती.

कचेरीबाहेर शिवणकाकू कुबड्या घेऊन रिक्षाची वाट बघत होत्या. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात जोडावेत की नाही हे त्याला ठरवता येईना. ठसका पुढे झाली, "काकू, मामाने स्वतःहून कबूल केलं, नाहीतर..."

"तू गप्प बस," काकू म्हणाल्या. मग मामाकडे वळल्या, आणि ज्या काकूंचा आवाज मशीनच्या खडखडाटात कधी ऐकू यायचा नाही, त्या सबंध रस्त्याने मागे वळून बघावं इतक्या जोरात बोलल्या.

"सहा महिने मला पायडल मारता येणार नाही! कदाचित कधीच नाही! ऐकू आलं?"

"आलं," मामा म्हणाला.

"मग उद्या पुन्हा या," काकू ओरडल्या, "उद्या पुन्हा सांगणार आहे!"